६३ रिकाम्या रेघा

१९७७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातल्या ‘जोडीज क्लब फॉरेस्ट’ या बारमध्ये ८८ गिऱ्हाइकांनी प्रत्येकी १० डॉलर काढून ठेवले. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटचे चार संघ कोणते उरतील, त्यांतून विजेता कोण ठरेल आणि अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील, एवढे चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याने सगळे ८८० डॉलर न्यायचे, बाकीच्यांनी हात हलवत घरी जायचे. २००६ पर्यंत याच बारच्या पैजेत दीड लाखाच्या आसपास प्रवेशिका येऊ लागल्या आणि बक्षीस १५ लाख डॉलरवर पोचले. गल्लीतल्या ओळखीपाळखीवर चाललेला खेळ एवढा फुगला की करांचा प्रश्न उभा राहिला आणि तो बंद झाला.

तोवर त्या बारची कुणाला गरजही उरली नव्हती. अमेरिकेत दर मार्चमध्ये कोट्यवधी माणसे एक विशिष्ट तक्ता भरतात. त्यात डाव्या आणि उजव्या कडेला मिळून ६४ संघांची नावे असतात, प्रत्येक जोडीतून एक रेघ पुढे सरकते, अशा रेघा मध्यभागी येऊन भिडतात आणि तिथे एकच नाव उरते. यालाच ‘ब्रॅकेट’ म्हणतात. भरणाऱ्यांत बास्केटबॉल कोळून प्यायलेले असतात, तसेच वर्षभर एकही सामना न पाहिलेलेही असतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या कंपनीत नव्याने रुजू झालेल्या मराठी अभियंत्याला ज्या कॉलेजांची नावे उच्चारतानाही अडखळायला होते, त्यांच्यातला विजेता निवडायचा कागद सहकारी त्याच्या हातात ठेवतात. आणि तोही तो भरतो.

हे वेड आपोआप उगवले अशी समजूत आहे. त्याचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. ते थरावर थर चढत तयार झाले, आणि प्रत्येक थराने एकच काम केले: माणसाला अर्धे उत्तर द्यायचे आणि उरलेले अर्धे त्याच्यावर सोडायचे.

या तक्त्याचे मूळ बास्केटबॉलमध्ये नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धा टेनिसमध्ये त्याच्या आधीपासून होत्या, आणि त्यांच्यावरचा एक जुना आक्षेप ‘अॅलिस’च्या लेखकाने घेतलेला आहे. लुईस कॅरल या टोपणनावाने लिहिणारे चार्ल्स डॉजसन ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत. १८८३ मध्ये त्यांनी लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका काढली. सर्वांत चांगला आणि दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर आले तर दुसरा तिथेच बाद होतो आणि भलताच कुणी उपविजेता म्हणून बक्षीस नेतो, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावर टेनिसने १९२० च्या दशकात तोडगा स्वीकारला तो मानांकनाचा. बलवान खेळाडूंना क्रमांक द्यायचे आणि तक्त्यात एकमेकांपासून दूर ठेवायचे. हा तोडगा न्यायासाठी होता. कॉलेज बास्केटबॉलमध्ये तो आला तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट घडवली, पण त्याला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती.

राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, म्हणजे एनसीएएची, पहिली स्पर्धा १९३९ मध्ये झाली. अवघे ८ संघ होते. इलिनॉयमधल्या इव्हन्स्टन इथल्या व्यायामशाळेत ऑरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असे हरवले आणि आयोजकांना तोटा झाला. तेव्हा मान होता तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या दुसऱ्या स्पर्धेला. त्याच वर्षी हेन्री पोर्टर या इलिनॉयच्या शालेय क्रीडा अधिकाऱ्याने आपल्या राज्यातल्या शाळांच्या स्पर्धेवर लेख लिहिला आणि त्याला ‘मार्च मॅडनेस’ असे नाव दिले. गावोगावच्या शाळांची पोरे आणि त्यांच्यामागे लोटणारी गावे, हा त्याचा विषय होता. कॉलेजांच्या स्पर्धेला हे नाव चिकटले ते १९८० च्या दशकात, ब्रेंट मसबर्गर या समालोचकाच्या तोंडून. पुढे नावाच्या मालकीवरून शालेय संघटनेचा वाद न्यायालयातही गेला.

पैसे लावणारे मात्र पहिल्यापासून हजर होते, आणि त्यांनी या खेळाला जवळजवळ बुडवले. सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कच्या संघाने १९५० मध्ये देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या. तो कामगारवस्तीतल्या ज्यू आणि कृष्णवर्णीय मुलांचा संघ होता, आणि शहराने त्यांना डोक्यावर घेतले. दुसऱ्याच वर्षी त्यांतल्या काही जणांना अटक झाली. सट्टेबाजांनी त्यांना हरायला सांगितले नव्हते, फक्त कमी फरकाने जिंकायला सांगितले होते. कोण जिंकणार यापेक्षा किती गुणांनी जिंकणार यावर पैसे लावण्याची पद्धत तेव्हा रुळली होती, त्यामुळे सामना जिंकूनही तो विकता येत असे. सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या तपासात सात कॉलेजांतले तीसहून अधिक खेळाडू अडकले. ज्यांच्या खेळावर हजारोंची उलाढाल होत होती, त्या विशीतल्या मुलांच्या हाती काहीशे डॉलर आले होते, आणि आयुष्य उद्ध्वस्त झाले ते त्यांचेच.

१९६४ पासूनचे दशकभर अंदाज बांधण्यात मौज नव्हती, याचे कारण उघड होते. जॉन वुडन यांच्या यूसीएलए संघाने १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० वेळा विजेतेपद मिळवले, त्यांतली सात सलग. ज्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे त्यावर कोण पैज लावणार?

स्पर्धेचे दार रुंद झाले ते एका सामन्यामुळे. ९ मार्च १९७४ रोजी अटलांटिक कोस्ट गटाच्या अंतिम लढतीत नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. तेव्हा एका गटातून एकाच संघाला प्रवेश मिळे, त्यामुळे देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक असलेला मेरिलँड घरी बसला. जिंकलेल्या संघाने पुढे उपांत्य फेरीत यूसीएलएची सद्दी मोडली आणि विजेतेपदही मिळवले. मग मेरिलँड काय योग्यतेचा होता, हे कुणाला सांगावे लागले नाही. १९७५ मध्ये संघांची संख्या ३२ झाली आणि एका गटातून एकाहून अधिक संघ घेतले जाऊ लागले. ‘फायनल फोर’ हा शब्दही त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ या दैनिकात एड चे यांच्या लेखणीतून आला.

१९७९ मध्ये ४० संघ झाले आणि सगळ्यांना मानांकन मिळाले. त्या वर्षीचा अंतिम सामना मिशिगन स्टेटचा मॅजिक जॉन्सन आणि इंडियाना स्टेटचा लॅरी बर्ड यांच्यातला होता. कॉलेज बास्केटबॉलच्या कुठल्याही सामन्याला टीव्हीवर इतका मोठा प्रेक्षकवाटा त्याआधी मिळाला नव्हता, पुढेही मिळालेला नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सुरू झाली. तिला दिवसभर दाखवायला काहीतरी हवेच होते, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांतले, मोठ्या वाहिन्यांनी सोडून दिलेले सामने तिने दाखवायला घेतले. आजवर कुणी नाव न ऐकलेली कॉलेजे घराघरांत दिसू लागली. १९८२ मध्ये सीबीएसने हक्क घेतले आणि रविवारी संध्याकाळी संघांची निवड टीव्हीवर जाहीर करण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्या रविवारी तक्ता हातात यायचा आणि गुरुवारी दुपारी सामने सुरू व्हायचे. मधले तीन-चार दिवस डोके खाजवायला मोकळे.

तक्ता कुणी पहिल्यांदा पैजेसाठी वापरला याचा मान केंटकीतल्या लुईव्हिल शहरालाही दिला जातो. तिथल्या टपाल खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने १९७८ मध्ये सॉफ्टबॉलच्या स्पर्धांतला तक्ता पाहून प्रत्येक सामन्याचा अंदाज लिहायचा कागद केला, असे सांगतात. स्टेटन आयलंडच्या पैजेत चार नावे आणि एक आकडा होता. या कागदावर पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत सगळा महिना लिहायचा होता. हा फरक मोठा आहे. चार नावे लिहिणारा माणूस वाट पाहतो. सगळा तक्ता भरणारा मात्र कोण कुणाला कुठे गाठेल आणि कुणाची सोंगटी कुणामुळे मरेल, याची स्वतःची कथा रचतो. त्या काळी कचेरी-कचेरीत झेरॉक्स यंत्रे होती, वर्तमानपत्रे तक्ता छापत होती, आणि हिशेब ठेवायला प्रत्येक विभागात एखादा हौशी कारकून असायचाच.

१९८५ मध्ये संघ ६४ झाले आणि तक्ता पूर्ण झाला. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकने, पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. कुणाला पुढे चाल नाही, कुठे विजोड जागा नाही. ३२, १६, ८, ४, २, १ असे सामने मिळून ६३. गुरुवार-शुक्रवारी ३२ सामने आणि शनिवार-रविवारी १६, म्हणजे चार दिवसांत ४८ सामने, आणि त्यांतले पुष्कळसे ऐन कचेरीच्या वेळेत. याच वर्षी आठवे मानांकन मिळालेल्या व्हिलानोव्हाने गतविजेत्या जॉर्जटाऊनला अंतिम सामन्यात ६६-६४ असे हरवले. ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता, तो पुढच्या हंगामात आला. रोली मॅसिमिनोंच्या मुलांनी चेंडू धरून ठेवला, घाई केली नाही आणि संपूर्ण सामन्यात २८ पैकी २२ फेक बास्केटमध्ये टाकले. इतक्या खालच्या मानांकनाचा संघ त्यानंतर कधीही विजेता झालेला नाही. परिपूर्ण तक्त्याच्या पहिल्याच वर्षी तक्त्याने सगळ्यांना खोटे पाडले, याहून चांगली जाहिरात त्याला मिळाली नसती. २००१ मध्ये ६५ आणि २०११ मध्ये ६८ संघ झाले, पण जादा सामने आधीच उरकतात. लोक भरतात त्या रेघा आजही ६३ च आहेत.

६३ रेघा म्हणजे प्रत्येकी दोन पर्याय, आणि २ चा ६३ वा घात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे मागत जाणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच्या ६४ व्या घरात जितके दाणे लागतात, नेमके तितकेच वेगवेगळे तक्ते भरता येतात: ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली संख्यांची नावे परार्धापाशी थांबतात, ही संख्या ९२ परार्धांहून जास्त आहे. अर्थात नाणे उडवून तक्ता भरणारे थोडे. पहिले मानांकन सोळाव्याला बहुधा हरवणारच, हे सगळ्यांना कळते. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले गणितज्ञ जेफ बर्गन यांनी खेळ जाणणाऱ्या माणसाला मिळणारी संधी १२,८०० कोटींत एक अशी मांडली होती. म्हणजे जाणकारी कोट्यवधी पटींनी मदत करते आणि तरीही पुरत नाही.

हे २०१४ मध्ये सगळ्या देशाने एकदम पाहिले. क्विकन लोन्स या कंपनीने संपूर्ण तक्ता बिनचूक भरणाऱ्याला १०० कोटी डॉलर देऊ केले आणि त्या जोखमीची हमी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने घेतली. गुरुवारी दुपारी अकराव्या मानांकनाच्या डेटनने ओहायो स्टेटला ६०-५९ असे घालवले आणि एका गुणाने बहुसंख्य प्रवेशिका कचऱ्यात गेल्या. शुक्रवारी मर्सर या जॉर्जियातल्या कॉलेजाने ड्यूकला हरवले. त्याच रात्री, ६३ पैकी निम्मे सामने होण्याआधीच, शेवटचा बिनचूक तक्ताही संपला. अंतिम सामना सातव्या आणि आठव्या मानांकनांत झाला. बफे यांनी पुढे हा खेळ आपल्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुरता ठेवला आणि नियम सैल करत नेले. २०२५ मध्ये त्यांतल्या एकाने पहिल्या फेरीतले ३२ पैकी ३१ निकाल बरोबर सांगून १० लाख डॉलर मिळवले.

पडताळून पाहिलेला सर्वांत लांब बिनचूक तक्ता २०१९ चा आहे. ओहायोतल्या कोलंबसचा एक माणूस आजारपणामुळे घरी होता, त्याने घाईघाईत तो भरला. सलग ४९ निकाल बरोबर आले. पन्नासाव्यात त्याने टेनेसी लिहिले होते, आणि पर्ड्यू जादा वेळेत ९९-९४ असा जिंकला.

तरीही दर वर्षी माणूस पुन्हा बसतो. का बसतो, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ आधी दिलेले आहे. एलन लँगर यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कचेरीतल्या लोकांना एक-एक डॉलरची लॉटरीची तिकिटे विकली, काहींना हवे ते निवडू दिले, काहींच्या हाती नुसतेच दिले. नंतर तिकीट परत मागितले तेव्हा नुसते मिळालेल्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आसपास किंमत सांगितली, स्वतः निवडलेल्यांनी साडेआठ डॉलरहून जास्त. संधी दोघांची अगदी सारखी होती. निवडीने तिकीट ‘आपले’ झाले होते. लॉटरीत हे होते, तर जिथे थोडीफार माहिती खरोखर उपयोगी पडते तिथे काय होत असेल! तक्त्यावर प्रत्येक नावाशेजारी मानांकन छापलेले असते. जाणकाराला आणि नवख्याला ते सारखेच दिसते. त्यात आपली भर घालायला मात्र प्रत्येकाला वाव असतो.

ही भर बहुतेकदा महागात पडते. १९८५ पासून पाचव्या आणि बाराव्या मानांकनांच्या सामन्यांत साधारण तीनांत एकदा बारावा जिंकतो, आणि हे सगळ्यांना माहीत असते. असे चार सामने दर वर्षी असतात. मग माणूस मनाशी म्हणतो, एखादा धक्का तर बसणारच, आणि एखादा बारावा उचलतो. शॉन मॅक्रे आणि एडवर्ड हर्ट यांनी २००९ मध्ये लोकांचे तक्ते तपासून दाखवले की धक्के जितके बसतात साधारण तितकेच लोक निवडतात, फक्त कोणता बसणार ते चुकते. त्यामुळे सरसकट वरचे मानांकन लिहिणाऱ्याचे त्यांच्यापेक्षा जास्त अंदाज बरोबर येतात. उलट अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू मेट्रिक यांनी १९९६ मध्ये पैजांतले अंदाज तपासले, तेव्हा अंतिम विजेता निवडताना लोक सर्वांत लाडक्या संघावर गरजेपेक्षा जास्त गर्दी करतात असे आढळले. तो संघ जिंकला तरी बक्षिसात वाटेकरी ढीगभर. म्हणजे जिथे सावध राहायचे तिथे धाडस आणि जिथे धाडस हवे तिथे सावधपणा.

आणि गुण मोजण्याची रीत आशा मरू देत नाही. बहुतेक पैजांत दर फेरीत गुण दुप्पट होतात. पहिल्या फेरीत एका सामन्याचा एक गुण, तर अंतिम सामन्याचे ३२. अर्ध्या रेघा लाल झालेल्या माणसाचाही विजेता शाबूत असेल तर तो एप्रिलपर्यंत उभा असतो. म्हणूनच वर्षभर सामने पाहणारा पंडित आणि रंगीत गणवेशावरून संघ निवडणारी त्याची लेक यांच्यात लेक जिंकू शकते, आणि घराघरांत जिंकतेही. या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. ज्ञानाला किंमत असते, पण त्याची मक्तेदारी नसते.

बराक ओबामा यांनी २००९ मध्ये ईएसपीएनच्या कॅमेऱ्यासमोर तक्ता भरला आणि नॉर्थ कॅरोलायना विजेता लिहिले. ते खरे ठरले. पुढे अध्यक्ष असेतोवर दर वर्षी त्यांनी तक्ता भरला, विजेता पुन्हा एकदाही बरोबर आला नाही. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या संघाच्या धर्मगुरू सिस्टर जीन २०१८ मध्ये ९८ वर्षांच्या होत्या. आपल्या अकराव्या मानांकनाच्या संघावर जीव असूनही त्यांनी तक्त्यात त्याला शेवटच्या सोळांतच थांबवले होते. पोरे शेवटच्या चारांत पोचली, आणि चाकाच्या खुर्चीतल्या सिस्टर जीन साऱ्या देशाच्या लाडक्या झाल्या.

त्याच स्पर्धेत, १६ मार्च २०१८ रोजी, तक्त्यावरची सर्वांत भक्कम रेघ तुटली. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाचे संघ तोवर १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा हरले होते. मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काऊंटी शाखेने त्या रात्री साऱ्या स्पर्धेतल्या अव्वल व्हर्जिनियाला गाठले. मध्यंतराला २१-२१ होते. संपले तेव्हा ७४-५४. पुढच्या वर्षी टोनी बेनेट यांच्या व्हर्जिनियाने विजेतेपद मिळवले, तेव्हा कोट्यवधी लोकांना तो सूड आपलाही वाटला, कारण आदल्या वर्षी बुडालेले तक्ते त्यांचेच होते. २०२३ मध्ये पर्ड्यूवर तीच पाळी आली. सात फूट चार इंच उंचीच्या झॅक एडीच्या संघाला फेअरली डिकिन्सनच्या बुटक्या संघाने ६३-५८ असे चीत केले.

कायद्याच्या दृष्टीने तक्त्यावर पैसे लावणे बराच काळ चोरीचाच मामला होता, फक्त कुणी पकडत नसे. १९९२ च्या संघराज्यीय कायद्याने नेवाडासारखे मोजके अपवाद सोडून खेळांवरचा सट्टा देशभर रोखला. तो आणण्यात पुढाकार होता सिनेटर बिल ब्रॅडली यांचा. प्रिन्स्टनकडून १९६५ च्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेले ब्रॅडली आपल्या खेळाला सट्ट्यापासून वाचवू पाहत होते. दुसरीकडे २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने रिक न्यूहायझल या फुटबॉल प्रशिक्षकाला शेजाऱ्यांच्या बास्केटबॉल पैजेत भाग घेतल्यावरून काढून टाकले. अशा पैजांना हरकत नाही असे विद्यापीठाच्याच नियम-अधिकाऱ्याने आधी लिहून कळवले होते. न्यूहायझल न्यायालयात गेले आणि ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सीच्या बाजूने निकाल देऊन १९९२ चा कायदाच रद्द केला. त्या खटल्यात हरलेला पक्ष होता एनसीएए.

यानंतर जे बदलले ते काळजीचे आहे. दहा डॉलरचा तक्ता भरणाऱ्याचे नुकसान तेवढ्यावरच थांबते आणि महिनाभर त्याला गप्पांचे धन मिळते. फोनवर मिनिटा-मिनिटाला पैसे लावणाऱ्याचे तसे नाही. तो अमुक खेळाडू किती गुण करील, किती रिबाउंड घेईल यावर पैसे लावतो, आणि हरला की एकोणीस वर्षांच्या त्या मुलाला शिव्याशाप लिहितो. २०२४ मध्ये एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी राज्यांकडे खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजा बंद करण्याची मागणी केली ती यामुळेच. १९५१ मध्ये सट्टेबाजांना खेळाडूपर्यंत पोचायला मध्यस्थ लागत होता. आता नाव माहीत असले की पुरते. ज्या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१० मध्ये १४ वर्षांचा १,०८० कोटी डॉलरचा करार झाला, तिच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली ती २०२१ मध्ये. हा उशीर अन्यायाचा होता आणि तक्त्याच्या आनंदात तो विसरला जाऊ नये.

त्याच २०२१ मध्ये दुसरा अन्याय उघडा पडला. सॅन अँटोनियोतल्या महिलांच्या स्पर्धेत खेळाडूंना व्यायामासाठी डंबेल्सचा एक स्टँड दिला होता, पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा. ऑरेगनच्या सेडोना प्रिन्सने त्याचे चित्रण करून लोकांपुढे ठेवले. पुढच्या वर्षी महिलांच्या स्पर्धेला ६८ संघ मिळाले आणि ‘मार्च मॅडनेस’ हे नाव वापरायची परवानगीही मिळाली. १९८२ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाचा धक्का पुरुषांच्या वीस वर्षे आधी, १९९८ मध्येच बसला होता. हार्वर्डच्या मुलींनी स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असे हरवले होते. तेव्हा तो तक्ता भरणारे फार थोडे होते. २०२४ मध्ये आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यातला महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी, आणि निवडीच्या रविवारी आता अनेक घरांत एकाऐवजी दोन तक्ते समोर घेऊन माणसे बसतात.